अर्जदार मी, गैरअर्जदार वकीलसाहेब

आत्याच्या घराची पूर्वेकडची भिंत पिठाच्या गिरणीची होती. भिंत एकच, अलीकडे आम्ही आणि पलीकडे गिरणी. सकाळी पट्टा चढला की आमच्या मांडणीवरची भांडी किणकिणायला लागायची, आणि संध्याकाळी गिरणी बंद झाली तरी कानात तासभर ती चालूच असायची. ज्वारीचा आवाज वेगळा, गव्हाचा वेगळा, आणि हरभऱ्याची डाळ पडली की आत्या चुलीपासूनच सांगायची, "कोनाच्या तरी घरी पाव्हणे हायेत आज." घरात सगळ्यांना ओरडून बोलायची सवय. माझी सून आजही हात खाली करून खूण करते, "आई, हळू. फोन आहे तो." तिला मी काय सांगू? त्या घरात होते तोवर हळू बोललेलं माझं मलाच कधी ऐकू आलं नव्हतं. भिंतीच्या फटींतून पीठ यायचं ते वेगळंच. देवळीतल्या बुद्धाच्या तसबिरीवर रोज सकाळी एक पातळ पांढरा थर बसलेला असायचा आणि तो पदराने पुसणं हे माझं पहिलं काम असे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, एक मुलगी होती नंदा, तिचं लग्न करून तिला नांदुऱ्याला दिलेली. आत्या बुलढाण्यात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. साठ मुलींच्या भाकरी थापून आलेल्या बाईला दोघींच्या जेवणाचा अंदाज कुठून यायचा! ती आमच्यासाठी सहा भाकरी करायची, चार उरायच्या, सकाळी त्यांचा कुटका तेल-तिखट घालून. थंडीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा. आयतवारी पातोडीचा रस्सा, ज्याच्या वासाने गिरणीवरची माणसं दळण विसरून आमच्या दारात डोकवायची. मी मूळची धामणगाव बढ्याची. वडील गवंडीकाम करायचे, आई लोकांच्या शेतात निंदायला जायची. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी मला एसटीत बसवून आत्याकडे आणून सोडलं आणि म्हणाले, "हिले टायपिंग शिकव. मायासारखे हिचे हात सिमेंटानं फाटाले नाही पायजेत." दोन रुपयांची नोट माझ्या हातात दिली आणि त्याच एसटीने परत गेले. आत्याने मला एक पैसा न घेता ठेवून घेतलं, हे इथेच लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

टायपिंगची परीक्षा पास झाले आणि एका वकिलांकडे कामाला लागले. कोर्टाच्या रस्त्यावर त्यांचं घर, पुढची खोली ऑफिस. वकीलसाहेब पन्नाशीचे, अंगाने किरकोळ, गावाकडे भरपूर शेती असलेल्या घरातले. माणूस वाईट मुळीच नव्हता. ऑफिसात चहा आला की साहेबांना, मुनशींना आणि मला एकाच सेटातल्या कपबश्यांतून यायचा, हे मी पहिल्याच आठवड्यात बघून घेतलं होतं. आमच्याकडची माणसं हे आधी बघतात आणि बघून झाल्यावरच निवांत बसतात. पण साहेबांना मान वर करून बोलायची सवय नव्हती. ते कागदाशी बोलायचे. मजकूर सांगताना पूर्णविराम, स्वल्पविरामासकट सांगायचे, आणि ही सवय इतकी हाडात मुरलेली की आत बाईसाहेबांनाही म्हणायचे, "चहा पाठवा, स्वल्पविराम, साखर कमी." दोन वर्षं मी त्यांच्यापासून चार हातांवर बसत होते. माझा चेहरा रस्त्यात त्यांनी ओळखला असता की नाही याची मला खात्री नव्हती.

दुसरे होते करीमचाचा, साहेबांचे मुनशी. पांढरी टोपी, कानात अत्तराचा फाया. कोर्टातली सगळी धावपळ त्यांची. कागद कुठे दाखल करायचा, कोणाला दाखवायचा, तारीख कधीची घ्यायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कोर्टाचं मराठी मला त्यांनीच शिकवलं. अर्ज कसा सुरू होतो, प्रत्येक परिच्छेद "हे की" ने का सुरू करायचा, "सबब" कुठे येतं, शेवटी प्रार्थना, मग सत्यापन, मग डाव्या हाताला "अर्जदारातर्फे वकील". मी एकदा "सबब" गाळला तर म्हणाले, "बेटा, सबब नसन तं अर्ज लंगडा होते. हे काही लग्नाची पत्रिका नोय." सहीची आमची एक रीत होती. कुठे सही करायची तिथे मी पेन्सिलने बारीकशी फुली मारायची. साहेब वाचायचे नाहीत. मजकूर त्यांनीच सांगितलेला, परत कशाला वाचतील? फुली दिसली की सही, पान उलट, फुली, सही. चाचाही नुसत्या सह्या मोजून गठ्ठा बांधायचे आणि सायकलवर टाकून निघायचे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी नंदाची चिठ्ठी आली. तिला दिवस गेले होते. पहिलं मूल राहिलं नव्हतं, त्यामुळे नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की सहाव्या महिन्यापासून तिला बुलढाण्याला, मोठ्या दवाखान्याजवळ ठेवा. चिठ्ठी मीच वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी आत्या आतल्या खोलीत उभी राहून बघत होती. बाज कुठे टाकायची, शेगडी कुठे, पाळण्याचा कडा कुठे. माझी पेटी उचलून तिने बाहेरच्या खोलीत, चुलीशेजारी ठेवून पाहिली आणि परत जागेवर नेऊन ठेवली. सोबतीला नंदाची सासूही येणार होती. दोनच खोल्या. कोणी काही सांगायची गरजच नव्हती. दवाखान्यातल्या दोन नर्सबाया एका खोलीत राहायच्या, त्यांच्याकडे तिसऱ्या खाटेची जागा होती, ते मी चौकशी करून आले. पण दीडशे रुपये पगारात खाटेचं भाडं आणि जेवण बसत नव्हतं. अडीचशे मिळाले तर बसत होतं. नाही मिळाले तर दिवाळीला गावी जायचं ते पेटी घेऊनच, आणि आईबरोबर निंदायला. टायपिंगची पुढची परीक्षा, तिच्यानंतर कारकुनाची भरती, हे सगळं मी मनाशी मांडून ठेवलेलं तिथेच संपणार होतं. परत येईपर्यंत साहेब माझी खुर्ची रिकामी थोडीच ठेवणार होते?

म्हणजे साहेबांना पगार वाढवून मागायचा, एवढंच करायचं होतं. आज माझी नात पुण्यात बसून दर वर्षी दोन ओळींचा मेल टाकते आणि वर मला विचारते, "आजी, यात एवढं काय गं?" एवढंच की तिच्या साहेबाला तिचा मेल उघडून वाचावा लागतो. माझे साहेब मान वर करत नव्हते. मी घरी सराव सुरू केला. आत्या वसतिगृहात गेली की गिरणीच्या भिंतीकडे तोंड करून, गिरणी चालू असताना मोठ्याने म्हणायचं. तीन दिवस उत्तम चाललं. चौथ्या दिवशी मी पूर्ण ताकदीने, "साहेब, माझा पगार वाढवा!" असं म्हणायला आणि लाईट जायला एकच गाठ पडली. गिरणी थांबली. सगळी गल्ली चिडीचूप. पलीकडून डबे घेऊन उभ्या असलेल्या बायांपैकी एकीचा आवाज आला, "वाढोतीन हो बाई, वाढोतीन. आमचं दळण होऊ दे आधी." त्या दिवसापासून मी आठवडाभर मागच्या बोळातून येत-जात होते.

शेवटी करीमचाचांना विचारलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तोंडी सांगशीन?" म्हणाले. मी म्हटलं, आवाजच फुटत नाही. "मंग लेखी दे. बेटा, तोंडचं बोलणं हवेत जाते, कागद राह्यते. साह्यब मानूस पाह्यत नाही, पन कागद पाह्यते." चाचांना म्हणायचं होतं साधी चिठ्ठी. पण मला साधी चिठ्ठी लिहिता येत कुठे होती! दोन वर्षांत मी एकच तऱ्हेचं मराठी टाईप केलं होतं. दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी जाऊन मी मशीनमध्ये कोर्टाचा जाड कागद चढवला, समास सोडला आणि सुरुवात केली.

तो अर्ज मला आजही तोंडपाठ आहे. वर मधोमध, "मे. वकीलसाहेब यांचे समक्ष." खाली, "अर्जदार: कु. विशाखा श्रीपत, वय 20 वर्षे, धंदा टायपिंग, रा. धामणगाव बढे, ता. मोताळा, ह. मु. बुलढाणा." मग "विरुद्ध". आणि गैरअर्जदार कोण, तर पुन्हा वकीलसाहेबच, दुसरं कोण असणार? "हे की, अर्जदार ही गैरअर्जदाराकडे गेले दोन वर्षांपासून इमानेइतबारे काम करीत आहे. हे की, अर्जदाराचे आत्याचे मुलीचे बाळंतपण येऊ घातले असून राहते घरी दोनच खोल्या आहेत." घराचा उल्लेख आला म्हटल्यावर माझी बोटं थांबेनात. जमिनीच्या दाव्यात घर-शेत आलं की चतुःसीमा आलीच पाहिजे. "सदर घराची चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस पिठाची गिरणी, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस सरकारी नळ, उत्तरेस रस्ता." सबब, पगार दीडशेवरून अडीचशे करण्यात यावा, ही प्रार्थना. मग सत्यापन. मग डावीकडे, बोटांच्या सवयीने, "अर्जदारातर्फे वकील". आणि हाताच्या सवयीने त्याच्यावर पेन्सिलची फुली.

अर्ज मी सहीच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवला. विचार असा की बाकीच्या सह्या उरकल्या की शेवटचा कागद हातात येईल, साहेब थबकतील, वाचतील. साहेब आले, बसले. फुली, सही, पान. फुली, सही, पान. मी मशीनच्या मागे उभी. शेवटचं पान आलं. फुली, सही. "साहेब," मी म्हणाले. "हं," ते म्हणाले आणि कोट घालून कोर्टात निघून गेले. मी खुळ्यासारखी उभीच. मला वाटलं, सही केली म्हणजे मंजूर केलं! माणूस किती मोठा, एक शब्द न बोलता शंभर रुपये वाढवले. पाच मिनिटं मी त्या खोलीत एकटीच हसत होते. बाईसाहेबांनी आतून पाठवलेला चहा प्याले. मग अर्ज जपून ठेवावा म्हणून टेबलाकडे गेले, आणि टेबल मोकळं होतं. चाचांनी गठ्ठा कधीच बांधून नेला होता.

चहाचा कप तसाच ठेवून मी धावत सुटले. लोकांना वाटलं असेल कुणाला काही झालं. "मे. दिवाणी न्यायाधीशसाहेब यांचे कोर्टात" हे शब्द मी हजार वेळा टाईप केले असतील, पण त्या कोर्टात पाऊल कधी ठेवलं नव्हतं. व्हरांड्यात माणसंच माणसं. कुणी डबा सोडून बसलेलं, कुणी भांडतंय, शिपाई दारात उभा राहून नावं पुकारतोय. मी एकेक दार बघत गेले. तिसऱ्या दारातून आत साहेब उभे दिसले. समोर न्यायाधीशसाहेब, चष्मा नाकावर, हातात कागद. करीमचाचा मागच्या बाकावर. त्यांनी मला पाहिलं आणि डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? मी हाताने कागदाची खूण केली. त्यांना काही कळेना.

"हा अर्ज कुठल्या प्रकरणातला?" न्यायाधीशसाहेबांनी विचारलं.

"याच प्रकरणातला, साहेब," आमचे साहेब नेहमीप्रमाणे समोरच्या कागदाकडे बघत म्हणाले. "मुदतीचा अर्ज आहे."

"यात गैरअर्जदार तुम्ही आहात."

आता साहेबांनी मान वर केली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचे डोळे मी पाहिले, तेही बाजूने.

"आणि अर्जदारातर्फे वकीलही तुम्हीच आहात. सही तुमचीच आहे ना?" न्यायाधीशसाहेबांनी पान उलटलं. "ज्यांच्या समक्ष अर्ज केलाय, तेही तुम्हीच दिसता."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. न्यायाधीशसाहेबांनी चष्मा काढला, कागद नीट घडी केला आणि पुढे केला. "या कोर्टाला यात अधिकार नाही, वकीलसाहेब. हा अर्ज तुमच्याच कोर्टात चालवा. आणि जरा लवकर निकाली काढा, बाळंतपणाचा मामला आहे." मग मात्र सगळं कोर्ट हसलं. साहेबांनी कागद घेऊन खिशात ठेवला. ते हसले नाहीत. चाचांनी मला दारातून हाताने हाकललं, जा, जा म्हणून, आणि मी गेले.

तो दिवस किती लांब होता ते सांगता येणार नाही. मला रडू आलं नाही, नवल आहे. मी मशीन पुसलं. अक्षरांच्या दांड्यांत अडकलेली शाई टाचणीने काढली, तेल घातलं, रिबीन नवी चढवली, म्हणजे पुढची जी कोणी येईल तिला त्रास नको. कार्बनचे कागद जुने-नवे वेगळे केले. दुपारी चाचा डबा खायला आले, तेव्हा मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. "बाररूममधी सगळे हासून राह्यले," ते खाली बसत म्हणाले. "चहावाल्यापासून सगळे. एक जन म्हने, वकीलसाह्यब, फी कोन देनार?" मी विचारलं, "अन् साहेब?" चाचांनी भाकरीचा तुकडा मोडला. "साह्यब नाही हासले." मग माझ्याकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आपल्या डब्यातला शेवभाजीचा अर्धा वाटा माझ्यापुढे सरकवला. "तू लेखी दे म्हनलं मी. पन कोर्टात दे असं कुठी म्हनलं, बेटा?" वाईट एवढंच वाटत होतं की ज्या माणसाने मला कधी टाकून बोललं नाही, त्याचं मी भरल्या कोर्टात हसं केलं. पगार, खाट, परीक्षा हे सगळं त्याच्यामागून आठवत होतं.

साहेब साडेचारला आले. कोट खुंटीला लावला. खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत न बसता खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मजकूर सांगायचा असला की ते तसेच उभे राहायचे.

"कागद लावा," म्हणाले. "चार प्रती."

मी कार्बन घालून कागद चढवला.

"मधोमध, आदेश. खाली रेघ. अर्जदाराचा अर्ज वाचला, पूर्णविराम. गैरअर्जदाराचे म्हणणे ऐकले, पूर्णविराम. नवा परिच्छेद. अर्जावर कोर्ट फीचा स्टॅम्प नाही, पूर्णविराम. सत्यापनाखाली तारीख नाही, पूर्णविराम. अर्ज चुकीच्या कोर्टात दाखल झाला व त्यायोगे गैरअर्जदारास सदर कोर्टात अवघडल्यासारखे झाले, पूर्णविराम."

मी टाईप करत होते. आदेश कसे लिहिले जातात ते मला ठाऊक होतं. त्यात कारणं आधी येतात आणि निकाल शेवटी, आणि ज्या आदेशाची सुरुवात दोष दाखवून होते त्याच्या शेवटी "सबब अर्ज फेटाळण्यात येतो" हेच येतं. मी असले दीडदोनशे तरी टाईप केले असतील. माझी बोटं "फेटाळण्यात" साठी आधीच तयार होऊन बसली होती.

"घराच्या चतुःसीमेचा पगाराशी काहीएक संबंध नाही, पूर्णविराम," साहेब म्हणाले. मग थांबले. आत बाईसाहेबांनी कपात साखर ढवळल्याचा आवाज आला. चाचा दाराशी गठ्ठा बांधत होते, त्यांची दोरी मधेच थांबली.

"नवा परिच्छेद. तथापि, स्वल्पविराम."

मी "तथापि" टाईप केलं आणि मशीनवरून नजर काढून त्यांच्या पाठीकडे पाहिलं.

"गेल्या उन्हाळ्यात मोताळ्याच्या विहिरीच्या दाव्यात गैरअर्जदाराने मजकूर सांगताना पूर्व व पश्चिम यांची अदलाबदल केली होती, पूर्णविराम. तसा दावा दाखल झाला असता तर पक्षकाराची विहीर शेजाऱ्याच्या शेतात गेली असती, पूर्णविराम. अर्जदाराने ती चूक न विचारता दुरुस्त केली व दुरुस्त केल्याचे कधी सांगितले नाही, पूर्णविराम. ही बाब अर्जदाराने आपल्या अर्जात नमूद केलेली नाही, पूर्णविराम. ती या कोर्टास स्वतः माहीत आहे."

मशीनचा आवाज बंद पडला होता. बोटं ठेवली होती, पण दाबली जात नव्हती. विहिरीचं मला आठवत होतं. साहेब घाईत होते, मी सातबारा बघून दिशा फिरवल्या आणि टाईप करून ठेवून दिल्या. सांगितलं नाही, कारण साहेबांची चूक साहेबांना सांगायची कशी? फुली, सही, पान. त्यांनी तो कागद वाचला होता. कधीतरी, मी घरी गेल्यावर, त्यांनी तो वाचला होता आणि मनात ठेवला होता.

"थांबू नका," साहेब म्हणाले. "सबब, अर्ज अंशतः मंजूर करण्यात येतो."

अंशतः! म्हणजे दोनशे. दोनशेत खाट होते, जेवण होत नाही.

"कंस. चतुःसीमेचा परिच्छेद वगळण्यात येतो. कंस पूर्ण. पगाराची प्रार्थना जशीच्या तशी मंजूर. अंमल चालू महिन्यापासून, पूर्णविराम. खाली तारीख. सहीला जागा सोडा."

मी कागद काढला. कार्बनच्या चारही प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या. फुली मारायचं धाडसच झालं नाही. साहेब खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि तो आदेश वरपासून खालपर्यंत वाचला. एके ठिकाणी "अवघडल्यासारखे" मधले काना-मात्रे बघावेत तसं डोळे बारीक करून बघितलं. मग सह्या केल्या आणि मान वर केली. "एक प्रत तुम्हाला. एक मुनशीजींना, त्यांना बाररूममध्ये दाखवायची असेल. आणि यापुढे सहीला कागद ठेवलात की मला म्हणायचं, साहेब, वाचा." मी हो म्हणाले. चाचांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि मोठ्याने खोकले. साहेबांच्या तोंडाच्या एका कडेला हसू होतं. ते लपवायला ते पुन्हा कागदाशी बोलायला लागले.

मी घरी कशी आले ते आठवत नाही. एवढं आठवतं की मागच्या बोळातून न येता मी सरळ गिरणीपुढून आले. डबे घेतलेल्या बायांपैकी कोणी ओळखलं तरी मला त्याचं काही वाटणार नव्हतं. अंग इतकं हलकं झालं होतं की पाय जमिनीला लागताहेत की नाही तेही कळत नव्हतं. आत्या नुकतीच वसतिगृहातून आली होती आणि पीठ मळत होती. मी दारातच तिला आदेश वाचून दाखवला, सगळा, पूर्णविरामासकट. तिला त्यातलं निम्मं कळलं नाही. "अडीचशे झाले, आत्या," मी म्हणाले. "नर्सबायांच्या खोलीत तिसरी खाट घेते मी. नंदा खुशाल येऊ दे."

आत्याचे हात परातीतच थांबले. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पिठाच्या हातानेच तोंडावर पदर घेतला आणि रडायला लागली. मी घाबरले.

"सुटली व बाई मी," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले, रोज ठरोतो, आज हिले सांगीन, का पोरी, तू आता आपल्या गावी जा. भाकर टाकली का वाटे, जेवू दे आधी. जेवली का वाटे, थकून आली, झोपू दे. सकाळी तसबीर पुसतानी तुले पाह्यलं का मंग तं जीभच वळे नाही. तुया बापानं मायाजवळ आनून घातली तुले. काय तोंड दाखवलं असतं मी त्याले?"

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"माईत होतं? काऊन बोलली नाही मंग?"

"तू काऊन नाही बोलली?"

त्यावर आम्ही दोघी हसायला लागलो, रडता रडताच. तिच्या कपाळाला, गालाला, कानाला सगळीकडे पीठ लागलं होतं. मी जन्मात खूप गोष्टी मिळवल्या. कारकुनाची भरती झाली, सरकारी नोकरी झाली, घर बांधलं, ते वडिलांनी स्वतः बांधलं. पण त्या संध्याकाळी मनावरचं ओझं उतरलं तसं पुन्हा कधी उतरल्याचं मला आठवत नाही. दोघींच्या मनावर एकच ओझं होतं आणि दोघी ते एकमेकींपासून लपवत होतो.

आत्याने नाक पुसलं, परात पुढे ओढली आणि पुन्हा मळायला लागली. "झोपाले जाजो तिकडं," ती म्हणाली. "पन जेवाले इथंच येजो. खानावळीत पैसा घालू नोको. मले काही दोघीतिघींचा अंदाज येत नाही."

नंदाला मुलगा झाला. पुढची चार वर्षं मी झोपायला नर्सबायांकडे जात होते आणि दोन्ही वेळा जेवत होते आत्याकडे.